बंदर सुटण्याआधी फ्लाइट मोड

क्रूझवर जाण्याची ज्यांच्या घरी तयारी चालली आहे, त्यांना एक विनंती. जहाजावर चढलात की फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पुढच्या बंदरात जमिनीवर पाय ठेवेपर्यंत तो तसाच राहू द्या. बरोबरच्या प्रत्येकाचा फोन तसाच ठेवा. एवढं एक पाळलंत तर या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही. पण कारण पटल्याशिवाय आपण फोन फार वेळ बंद ठेवत नाही. कुणाचा कॉल येऊन गेला का, नातवाचा ताप उतरला का, हे बघायला हात जातोच. म्हणून कारण नीट सांगते.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे क्रूझ हा फार थोड्यांचा विषय होता. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' निघू लागलं, आणि सिंगापूरच्या सहलीला जोडून दोन-तीन रात्रींची क्रूझ हे तर आता नेहमीचंच झालं आहे. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईबाबा सिएटलहून अलास्काला जाऊन येतात. यातली पुष्कळ माणसं निवृत्तीचे पैसे जपून वापरणारी असतात. केबिनचं भाडं, व्हिसा, विमानाचं तिकीट, जहाजावरच्या टिपा, सगळ्याचा पै-पैचा हिशोब मांडून ती निघतात. फोनचा खर्च मात्र त्या हिशोबात नसतो. 'इंटरनॅशनल पॅक घेतलंय' एवढ्यावर तो विषय संपलेला असतो. ते पॅक जमिनीवरचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आपला फोन किनाऱ्यावरच्या टॉवरशी बोलतो. हा टॉवर समुद्रात फार लांब पोचत नाही. जुन्या जीएसएम तंत्रात तर फोन आणि टॉवर यांच्यातलं अंतर ३५ किलोमीटरच्या पुढे गेलं की नेहमीच्या व्यवस्थेत संपर्कच होत नसे. जहाज रात्रभर चाललं की त्या टप्प्याबाहेर सहज जातं. मग फोनवर काड्या दिसायला नकोत, आणि लहान बोटींवर त्या दिसतही नाहीत. मोठ्या क्रूझ जहाजांवर मात्र कंपनीने स्वतःचं मोबाइल नेटवर्क बसवलेलं असू शकतं. जहाजाच्या आत जागोजागी छोटे अँटेना असतात. वरच्या डेकवर मोठे पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या आत उपग्रहाकडे तोंड करून बसलेल्या डिश असतात. तुमचा फोन आतल्या अँटेनाशी जोडला जातो, तिथून संदेश उपग्रहाकडे जातो आणि उपग्रहाकडून पृथ्वीवरच्या केंद्रात उतरतो. जुन्या पद्धतीचे हे उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. या सगळ्या खटाटोपाचा खर्च कुणीतरी भरायचा असतो, आणि तो दर मिनिटाला, दर एमबीला तुमच्या बिलात येतो.

फोनला हे काही कळत नाही. ओळखीचं नेटवर्क गेलं की तो दुसरं शोधतो, आणि आपल्या कंपनीचा ज्याच्याशी करार आहे असं जे मिळेल त्याला जाऊन चिकटतो. तुमची परवानगी विचारत नाही. परदेशात विमानतळावर उतरल्यावर हीच सोय आपल्याला हवीशी वाटते. समुद्रात तीच महागात पडते.

जहाजाचं नेटवर्क ओळखायची एक खूण आहे. प्रत्येक देशाच्या मोबाइल नेटवर्कला एक आकडी कोड असतो. भारताचा ४०४ आणि ४०५. जहाजांवरची, विमानातली, कुठल्याच एका देशाची नसलेली नेटवर्कं ९०१ या कोडखाली येतात. फोनच्या वरच्या पट्टीत 'सेल्युलर ॲट सी', 'टेलेनॉर मॅरिटाइम' अशी नावं दिसली, किंवा नुसतं ९०१-१८, ९०१-१२ असं काही दिसलं, तर समजा की तुम्ही जहाजाच्या नेटवर्कवर आहात. देशांच्या यादीवर चालणाऱ्या तुमच्या पॅकमध्ये सिंगापूर असेल, मलेशिया असेल, थायलंड असेल. जहाज या तिन्ही देशांच्या मधल्या पाण्यात असताना तुमचा फोन त्यातल्या एकाही देशात नसतो. म्हणून पॅक घेताना कंपनीला 'सिंगापूर चालेल ना?' एवढंच विचारू नका. 'जहाजावरचं नेटवर्क यात धरलंय का, आणि नसेल तर त्याचा मिनिटाचा आणि एमबीचा दर किती?' असं विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. कंपनीच्या ॲपवरचं चॅट, ईमेल, काहीही चालेल, पण लेखी हवं. पुढे वाद झाला तर तेच उपयोगी पडेल.

आता पैसे नेमके कुठे जातात ते पाहू, कारण 'मी तर एकही फोन केला नाही' हे वाक्य अशा बिलानंतर नेहमी ऐकू येतं आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. भारतात येणाऱ्या कॉलला पैसे पडत नाहीत. ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की उचललेल्या फोनचे पैसे लागतील असं मनातही येत नाही. जहाजाच्या नेटवर्कवर येणाऱ्या कॉललाही मिनिटाप्रमाणे पैसे लागतात. सोसायटीच्या वॉचमनने पाण्याच्या टँकरचं विचारायला फोन केला, बँकेतून कर्ज हवंय का म्हणून कुणी फोन केला, तुम्ही उचलला, की मीटर सुरू. एसएमएस येणं बहुधा फुकट असतं, पाठवणं नाही.

खरा मोठा खर्च डेटाचा असतो. फोन खिशात पडलेला असताना तो चालूच असतो. दिवसभर काढलेले फोटो गुगल फोटोज किंवा आयक्लाउडवर चढत असतात. व्हॉट्सॲपवर शाळेच्या ग्रुपमधले सुप्रभातचे व्हिडिओ उतरत असतात. मेल येत असतात, ॲप स्वतःला अद्ययावत करत असतात. हिशोब करून बघा. समजा, जहाजावरचा दर एमबीला ५०० रुपये आहे. हा आकडा मी केवळ उदाहरणाला घेतला आहे, तुमच्या कंपनीचा दर तुम्ही विचारून घ्या. आजच्या चांगल्या फोनवर काढलेला एक मिनिटाचा साधा व्हिडिओ ६० एमबीच्या आसपास भरतो. तो एकटा पाठीमागे बॅकअपला गेला तर ३०,००० रुपये झाले. दोघांच्या केबिनला जेवढे पैसे मोजले असतील, तेवढे एका सूर्यास्ताच्या व्हिडिओला.

सूर्यास्ताचं उदाहरण मुद्दाम घेतलं. सगळ्यात धोक्याची वेळ तीच असते. जहाज बंदरात असताना त्याचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क साधारणपणे बंद असतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत, अनेक देशांत ते बंदच ठेवावं लागतं. त्यामुळे तुम्ही फुकेतला दिवसभर हिंडता, तिथल्या नेटवर्कवर पॅक छान चालतं, संध्याकाळी जहाजावर परत येता. भोंगा वाजतो, जहाज हळूहळू सुटतं, सगळे वरच्या डेकवर असतात. संगीत चालू असतं, आणि प्रत्येक जण घरी व्हिडिओ कॉल करून किनारा दाखवत असतो. कॉल चांगला लागलेला असतो, कारण अजून किनाऱ्याचा टॉवर मिळतो आहे. मग जेवणाची वेळ होते, फोन खिशात जातो, आणि कुठेतरी सूप आणि मुख्य जेवण यांच्यामध्ये किनाऱ्याचं नेटवर्क सुटतं आणि जहाजाचं पकडलं जातं. आवाज नाही, काही नाही. एखादा 'स्वागत' करणारा एसएमएस येतो आणि त्यात दर लिहिलेले असतात. पण जेवताना तो कोण वाचतो?

म्हणून डेकवर जाण्याआधीच, जहाजाची शिडी चढतानाच फ्लाइट मोड लावा. फोटो, व्हिडिओ, सगळं फ्लाइट मोडमध्येही निघतं. घरच्यांना किनारा दाखवायचा असेल तर बंदरात उतरलेले असताना दाखवा. मोहाचा तो अर्धा तास टाळला की बाकीचं सोपं आहे.

मुंबई-गोव्याच्या प्रवाशांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण ते सगळ्यात बेसावध असतात. आपण देशातच आहोत, रोमिंगचा संबंध काय, असं त्यांना वाटतं. भारताच्या हद्दीतल्या समुद्रातही जहाजावर फोन आणि इंटरनेट देता यावं म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये नियम केले आहेत. जहाज तर त्या हद्दीच्या बाहेरही जाऊ शकतं. तुमच्या जहाजावर मोबाइल नेटवर्क आहे की नाही हे बुकिंग करतानाच विचारा. आणि एक जुनी सवय तपासा. मुंबई आणि 'महाराष्ट्र व गोवा' ही मोबाइलची दोन वेगळी सर्कल आहेत. ठाण्याचा माणूस पुण्याला आला की पूर्वी तो रोमिंगवर जायचा, आणि इंटरनेट चालावं म्हणून 'डेटा रोमिंग' चालू करून ठेवायचा. २०१६-१७ च्या सुमारास देशांतर्गत रोमिंगचा जादा खर्च गेला, पण ते बटण असंख्य फोनवर अजून चालूच आहे. फोन बदलला तरी मुलं सगळी सेटिंग जशीच्या तशी नव्या फोनवर आणून देतात, त्यात तेही येतं. क्रूझच्या आधी ते बंद करा. त्याहून पक्का उपाय म्हणजे कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेला फोन करून तुमच्या नंबरवरची इंटरनॅशनल रोमिंगची सेवाच बंद आहे याची खात्री करा. ती सेवाच नसेल तर फोन जहाजाच्या नेटवर्कला चिकटू शकत नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्याला तिची गरजही नाही.

परदेशी क्रूझवर मात्र अनेकांना ती सेवा बंद करता येत नाही, आणि त्याचं कारण ओटीपी. आपल्या बँका, कार्डं, सगळं त्या एका भारतीय नंबरवर येणाऱ्या सहा आकड्यांवर अडकलेलं आहे. मी हे बारकाईने लिहिते आहे, कारण सावध माणसंही इथेच फसतात. ती स्थानिक सिम किंवा ई-सिम विकत घेतात, त्यावरून इंटरनेट वापरतात, आणि भारतीय सिम 'फक्त ओटीपीसाठी' चालू ठेवतात. त्या ई-सिमचा समुद्रात काही उपयोग नसतो, ते देशांपुरतं असतं; ते प्रीपेड असल्यामुळे नुकसानही करत नाही. जहाजाचं नेटवर्क पकडतं ते ओटीपीसाठी जागं ठेवलेलं भारतीय सिम. त्यावर डेटा बंद असला तरी कॉल येतात आणि ते उचलले जातात. काही फोनमध्ये तर एका सिमचं इंटरनेट गेलं की आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय असते आणि ती चालू असते. दोन सिमचा फोन म्हणजे दोन जागी सेटिंग तपासायचं, हे विसरू नका. डेटा रोमिंग दोन्ही सिमचं बघा, आणि सिम आपोआप बदलण्याची सोय बंद करा.

ओटीपीचा प्रश्न निघण्याआधी सोडवायचा असतो. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाचं काही असेल, ते प्रवासाच्या आठवड्यात येत असेल तर आधीच भरून टाका. जहाजावरचा खर्च केबिनच्या खात्यावर लिहिला जातो, त्यासाठी चढताना एकदाच कार्ड नोंदवायचं असतं. खात्यात पुरेसे पैसे भरलेलं फॉरेक्स कार्ड त्या कामाला घेतात का, ते क्रूझ कंपनीला आधी विचारा. एवढं करूनही एखादा ओटीपी लागलाच, तर तो बंदरात, जमिनीवर असताना मागवा. समुद्रात असताना पैशाचा कुठलाही व्यवहार करायचाच नाही असं ठरवून टाका. दोन दिवस थांबू शकणार नाही असा व्यवहार सहलीत क्वचितच असतो.

निघण्याआधी घरीच, वायफायवर बसून, आणखी थोडं करा. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर होईल असं लावा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये रोमिंगवर असताना काय आपोआप उतरायचं याचा वेगळा पर्याय आहे, तिथल्या सगळ्या खुणा काढा. कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल तर ##००२# हा कोड लावून ते सगळं रद्द करा, कारण परदेशात असताना न उचललेला कॉल दुसरीकडे वळवला जातो तेव्हा त्याचेही पैसे लागू शकतात. बंदरात नेटवर्क निवडणं 'ऑटोमॅटिक' न ठेवता हाताने करा आणि तिथल्या देशाचं नेटवर्क निवडा. सिम घातलेलं घड्याळ किंवा टॅब बरोबर असेल तर तेही फ्लाइट मोडवर हवं. आणि हो, हेच सगळं विमानातही लागू आहे. काही विमानांत जहाजासारखंच मोबाइल नेटवर्क असतं, तिथेही पॅक वेगळं लागतं.

बंदरातही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. शेजारच्या देशाचा टॉवर. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत एका बाजूला सिंगापूर, दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचं बातम, आणि मागे मलेशिया. जहाज तिथून जाताना फोन तिन्हीपैकी कुणालाही पकडतो. ग्रीसच्या कॉर्फू बेटासमोर काही किलोमीटरवर आल्बेनिया आहे. दुबईहून निघालेलं जहाज खसबला गेलं तर तो ओमान आहे. एका देशाचं पॅक घेतलेल्याला अशा ठिकाणी दुसऱ्या देशाचे उघडे दर लागतात. म्हणून जहाज ज्या ज्या देशांना लागणार आणि ज्यांच्या जवळून जाणार, ते सगळे पॅकमध्ये आहेत का ते नकाशा समोर ठेवून बघा. हा रकमेने त्या मानाने लहान धोका आहे, पण तो होतो.

मग समुद्रात संपर्क ठेवायचाच नाही का? ठेवायचा, जहाजाच्या वायफायवरून. फ्लाइट मोड लावल्यावर वायफाय वेगळं चालू करता येतं. या दोन्हींत लोकांचा घोटाळा होतो, म्हणून स्पष्ट सांगते: जहाजाचं वायफाय आणि जहाजाचं मोबाइल नेटवर्क या वेगळ्या गोष्टी आहेत. वायफायचा दर ठरलेला असतो, दिवसाला किंवा संपूर्ण प्रवासाला इतके, आणि तो तुम्ही स्वतः निवडून भरता. मागाहून बिल येत नाही. तेही स्वस्त नसतं, आणि बहुतेक ठिकाणी एका पॅकवर एकच फोन चालतो. पण नवराबायको दोघांनी आलटून पालटून वापरायला एक पुरतं. निघण्याआधी ऑनलाइन घेतलं तर अनेक कंपन्या थोडी सूट देतात. २०२२ पासून रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांनी खालच्या कक्षेतले, साधारण ५५० किलोमीटर उंचीवरचे स्टारलिंकचे उपग्रह वापरायला सुरुवात केल्यामुळे या वायफायचा वेगही पूर्वीपेक्षा बराच सुधारला आहे. जेवणाच्या वेळा, कार्यक्रम दाखवणारं जहाजाचं स्वतःचं ॲप बहुतेक मोठ्या जहाजांवर पॅक न घेताही चालतं. एक बटण मात्र बघून घ्या: 'वायफाय कॉलिंग'. ते चालू असेल तर साधा कॉल वायफायवरून तुमच्या मोबाइल कंपनीमार्फत जातो, आणि परदेशात त्याचे पैसे कसे लागतात हे कंपनीगणिक वेगळं आहे. विचारलं नसेल तर बंद ठेवा आणि व्हॉट्सॲपवरून बोला.

आता ज्या कारणाने हे सगळं ठरवलेलं मोडतं, त्याकडे येते. ते कारण तंत्राचं नाही, मायेचं आहे. आपल्याकडे माणूस प्रवासाला निघाला की 'पोचल्यावर कळव' असं सांगूनच निरोप दिला जातो. वयस्क आईवडील दोन दिवस फोनवर मिळाले नाहीत तर मुलांचा जीव टांगणीला लागतो. तिकडे जहाजावर आईला वाटत असतं की घरी काळजी करत असतील, आणि ती 'एकच मिनिट' म्हणून फोन सुरू करते. त्या एका मिनिटात साठलेले सगळे मेसेज, सगळे फोटो धाडकन उतरू लागतात.

यावर उपाय घरी बसलेल्यांनी करायचा आहे. मुलांनो, सुनांनो, जावयांनो, तुम्हाला सांगते. आईबाबा कुठल्या जहाजावर आहेत, त्याचं नाव, केबिनचा नंबर, क्रूझ कंपनीचा तातडीचा संपर्क क्रमांक, आणि जहाज कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात किती वाजता लागणार, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. खरोखर काही निकड आली तर जहाजाला निरोप पोचवता येतो. जहाजाची स्वतःची संपर्कयंत्रणा प्रवाशाच्या फोनवर अवलंबून नसते. ज्या दिवशी जहाज समुद्रात असेल त्या दिवशी फोन लागणार नाही, हे आजी-आजोबांपासून कामाच्या मावशींपर्यंत सगळ्यांना आधी सांगा. आईच्या फोनवर सारखे कॉल लावत बसू नका. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून फ्लाइट मोड लावणं, वायफाय चालू करणं, व्हॉट्सॲप कॉल करणं हे त्यांच्या हाताने करून घ्या. तुम्ही करून दाखवलंत तर ते तिथे आठवणार नाही. त्यांच्या बोटांनी तीन-चार वेळा झालं तर आठवेल. 'तुला नाही जमणार, दे इकडे' असं म्हणून फोन ओढून घेऊ नका. त्या एका वाक्याने त्यांचं शिकणं थांबतं, आणि समुद्रात त्यांच्या शेजारी तुम्ही नसणार.

युरोप-अमेरिकेतल्या आपल्या माणसांनाही दोन शब्द. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालतं. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाला ती सवय झालेली असते, आणि तो आईबाबांना घेऊन स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीच्या फेरीने जातो. ती सवलत उपग्रहाच्या नेटवर्कला लागू नाही, मग जहाज दोन सदस्य देशांच्या मधून का जात असेना. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या नियमांप्रमाणे अशा नेटवर्कवरचा खर्च ५० युरोंवर, किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या दुसऱ्या मर्यादेवर पोचला की सेवा थांबवावी लागते. हे संरक्षण तिथल्या सिमला आहे. आईबाबांच्या भारतीय सिमला त्याचा आधार धरू नका. अमेरिकेतही कॅनडा आणि मेक्सिको धरून घेतलेले पॅक जहाजावर चालतीलच असं नाही, तिथल्या कंपन्या क्रूझची वेगळी पॅकं विकतात. अलास्काच्या वाटेवर जुनो, केचिकानसारख्या गावांत जमिनीवरचं नेटवर्क मिळतं. फोन तिथेच करावेत.

पोस्टपेड सिम असेल तर परत आल्यावरही सावध राहायला हवं. रोमिंगचा हिशोब परदेशी कंपनीकडून आपल्या कंपनीकडे यायला वेळ लागतो, त्यामुळे प्रवासाचा खर्च पुढच्या महिन्याच्या बिलातही येऊ शकतो. बिल कार्डावरून आपोआप भरलं जात असेल तर त्या ऑटो-पेला एक कमाल रक्कम घालून ठेवा. नेहमीचं बिल सातशे रुपये असेल तर मर्यादा दीड हजार पुरे. ती न घातलेली असेल तर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम नव्या ओटीपीशिवाय वळती होऊ शकते. प्रीपेडवाल्यांचं नुकसान सहसा शिल्लक रकमेपुरतंच होतं, आणि ज्यांना परदेशात फारसा फोन लागत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी मी प्रीपेडच सुचवेन.

आणि काळजी घेऊनही भलतं बिल आलंच तर? घाबरून लगेच भरून टाकू नका, आणि गप्पही बसू नका. कंपनीकडून तपशीलवार बिल मागवा: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या नेटवर्कवर, किती एमबी. जहाज त्या वेळी कुठे होतं हे प्रवासाच्या वेळापत्रकावरून ताडून बघा. मग १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही. 'ट्राय'कडे पत्र लिहून उपयोग होत नाही, ती संस्था एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. पूर्वी मोबाइल कंपन्या 'टेलिग्राफ कायद्यामुळे आमचे वाद ग्राहक न्यायालयात चालत नाहीत' असं म्हणत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. ते प्रकरण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं होतं. महिन्याला सरासरी साडेपाचशे रुपये बिल येणाऱ्या त्या माणसाला एका महिन्याचं २४,००० रुपयांहून जास्त बिल आलं होतं. तो त्यासाठी वर्षानुवर्षं लढला, म्हणून आज तुम्हाला अर्ज करता येतो. अर्जाबरोबर तुम्ही निघण्याआधी कंपनीशी केलेलं ते लेखी चॅट, पॅकची पावती आणि जहाजाचं वेळापत्रक जोडा.